एफ-१४ टॉमकॅट: स्टिक उजवीकडे, नाक डावीकडे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे निवारण

डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमध्ये हीटब्लर कंपनीने बनवलेले एफ-१४ हे लढाऊ विमान उडवणाऱ्यांची एक तक्रार थांबतच नाही. शत्रूच्या मागे लागून विमान घट्ट वळणात असते, वेग उतरलेला असतो, वळण बदलायचे म्हणून स्टिक उजवीकडे टाकावी तर नाक डावीकडे सरकते. मग पंखही डावीकडेच कलंडतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत विमान सपाट गिरक्या घेत खाली जाऊ लागते. बहुतेकांना आधी जॉयस्टिकचा संशय येतो, मग मॉड्यूलचा (सिममधल्या या विमानाच्या प्रोग्रॅमचा), मग ताज्या अपडेटचा. क्वचित तो संशय खराही ठरतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू. पण दहातल्या बहुतेक वेळा विमान अगदी बरोबर वागत असते. खरे टॉमकॅटही असेच वागायचे, आणि अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना त्यासाठी पाय वापरायला शिकवले जायचे.

आधी एक गोष्ट नीट आठवा: विमान ताब्यातून सुटले त्या क्षणी अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, किती होता? सरळ, संथ उड्डाणातही विमान एका बाजूला ओढत असेल तर दुखणे वेगळे. धडधड किंवा स्फोटासारखा आवाज आला आणि लगेच नाक एका बाजूला गेले, तर तेही वेगळे. स्टिक पोटाशी ओढलेली असताना बाजूला टाकली आणि विमान उलट दिशेने गेले, तर या लेखाचा मोठा भाग तुमच्यासाठीच आहे.

आधी टेबलावरची यंत्रे

डीसीएसला एक जुनी सवय आहे. नवे उपकरण जोडले की ते त्याचे अक्ष स्वतःहून कामाला लावते. रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारा उभ्या शेपटीचा भाग) पायाने हलवणारी पेडल्स घेतल्यावर जॉयस्टिकच्या पिळाचा अक्षही रडरलाच जोडलेला राहतो, थ्रॉटलवरचा एखादा लहानसा दांडा रोलला जोडला जातो, आणि दोन उपकरणे एकाच अक्षावर भांडत बसतात. अक्ष-नेमणुकीच्या पानावर पिच (नाक वर-खाली), रोल (बाजूला कलणे), रडर आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) या चार ओळी पाहा. प्रत्येक ओळीत एकाच उपकरणाची नोंद हवी. बाकीच्या सगळ्या पुसून टाका. नवे उपकरण जोडले किंवा यूएसबीची जागा बदलली की हे पान पुन्हा उघडून पाहायचे.

त्यानंतर उड्डाणात उजवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. पडद्यावर एक लहान चौकट येते. मधला चौकोन म्हणजे स्टिक, खालची पट्टी रडर, बाजूची पट्टी थ्रॉटल. हात-पाय सोडून बसा. स्टिकची खूण मधोमध आणि रडरची खूणही मधोमध स्थिर हवी. थरथरत असेल किंवा एका बाजूला बसली असेल, तर विमानाचा दोष नाही.

आता या चौकटीकडे पाहत स्टिक सरळ मागे ओढा, लढाईत ओढता तितक्याच जोराने. खूण सरळ खाली येते की तिरकी? टेबलाच्या उजव्या कडेला स्टिक लावलेली असेल, तर ओढताना मनगट फिरते आणि खूण हमखास एका कोपऱ्याकडे सरकते. पिळाची स्टिक असेल तर रडरची पट्टीही हळूच हलते. संथ उड्डाणात हे जाणवतही नाही. पण टॉमकॅटला जास्त अँगल ऑफ अटॅकवर एवढीशी तिरकी ओढही पुरते. रोलच्या अक्षाला थोडा डेडझोन (मधोमधची छोटी हालचाल न मोजणारा पट्टा) द्या, पिळाच्या अक्षाला त्याहून थोडा अधिक. पिचच्या अक्षावर मोठा कर्व्ह मात्र लावू नका. त्याने मधला भाग मऊ होतो, पण शेवटच्या टप्प्यात स्टिक भसकन मागे जाते, आणि या विमानात धोका नेमका त्याच टप्प्यात आहे.

या विमानाला एलेरॉन नाहीत

खरे कारण इथे आहे. एफ-१४ च्या पंखांवर एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, बसवलेले नाहीत. रोल दोन गोष्टींतून मिळतो: पंखाच्या पाठीवरचे, वर उघडून त्या बाजूचे उत्थापन (वर उचलणारे बल) कमी करणारे स्पॉयलर, आणि शेपटीचे दोन आडवे पृष्ठभाग एकमेकांच्या उलट हलवून. या विमानाचे पंख उड्डाणात मागे-पुढे होतात; ते ६२ अंशांच्या पलीकडे मागे गेले की स्पॉयलर बंद होतात आणि सगळा रोल शेपटीवर येतो. कमी वेगात पंख पुढे, २० अंशांच्या आसपास असतात, म्हणजे स्पॉयलर उपलब्ध असतात. पण अँगल ऑफ अटॅक वाढला की पंखाच्या पाठीवरचा प्रवाह आधीच विस्कटलेला असतो. त्या विस्कटलेल्या हवेत स्पॉयलर उघडून फारसे काही हाती लागत नाही.

उरली शेपटी. उजवीकडे वळायला स्टिक उजवीकडे टाकली की शेपटीचा डावा भाग डावी बाजू उचलायला जास्त उत्थापन देतो. जास्त उत्थापनाबरोबर जास्त रोधही येतो. डावी बाजू मागे ओढली जाते आणि नाक डावीकडे सरकते. यालाच विरुद्ध यॉ म्हणतात (यॉ म्हणजे नाकाचे डावी-उजवीकडे फिरणे). कमी अँगल ऑफ अटॅकवर तो किरकोळ असतो, उभ्या शेपट्या त्याला सहज आवरतात. जास्त अँगल ऑफ अटॅकवर तो वाढतो आणि त्याच वेळी उभ्या शेपट्या धडाच्या आणि पंखांच्या सावलीत सापडून दुबळ्या होतात.

गोष्ट इथेच थांबली असती तर विमान नुसते आळशी वाटले असते. पण नाक डावीकडे गेले म्हणजे वारा आता उजवीकडून येऊ लागला. मागे झुकलेल्या पंखांचे विमान वारा ज्या बाजूने लागतो त्या बाजूचा पंख उचलते. म्हणून उजवा पंख वर जातो आणि विमान डावीकडे कलंडते. तुम्ही उजवीकडे मागितले, मिळाले डावीकडे. घाबरून आणखी उजवीकडे स्टिक दाबली की विरुद्ध यॉ आणखी वाढतो, आणि इथूनच गिरकी सुरू होते.

याच साखळीतून उपायही निघतो. उजवा रडर दिला तर नाक उजवीकडे जाते, वारा डावीकडून लागतो, डावा पंख उचलला जातो आणि विमान उजवीकडे रोल होते. म्हणजे जास्त अँगल ऑफ अटॅकवर रोल करायचा तो पायाने, हाताने नाही.

किती युनिट्सवर हात सोडायचा

टॉमकॅट अँगल ऑफ अटॅक अंशांत दाखवत नाही, स्वतःच्या युनिट्समध्ये दाखवते. कॉकपिटच्या पुढच्या पॅनेलवर डाव्या बाजूला उभी पट्टी आहे, ३० युनिट्सपर्यंत जाणारी. १५ युनिट्स हा जहाजावर उतरतानाचा नेमका अँगल ऑफ अटॅक, आणि तोच आकडा सीमारेषा म्हणून लक्षात ठेवायला सोपा पडतो. त्याखाली स्टिकने रोल करा, बिनधास्त. १५ च्या पुढे गेलात की स्टिकबरोबर त्याच दिशेचा रडर द्यायला लागा. २० च्या आसपास पोहोचल्यावर स्टिक मधल्या रेषेवरून हलू न देता केवळ पायाने वळवा. या आकड्यांना काटेकोर कुंपण समजू नका. वजन, उंची, पंखाखालचा भार यांनुसार ते थोडे पुढे-मागे होतात.

लढाईत पट्टीकडे पाहायला फुरसत नसते, म्हणून कान आणि डोळे तयार करावे लागतात. अँगल ऑफ अटॅक वाढला की विमान थरथरू लागते आणि हवेचा आवाज जड होतो. ही थरथर हीटब्लरने फार छान उतरवली आहे. हलकी थरथर म्हणजे पाय तयार ठेवा. जोरदार हादरे म्हणजे हात मधोमध.

सर्वांत वाईट चूक म्हणजे हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. सिझर्समध्ये, म्हणजे दोन्ही विमाने एकमेकांच्या मागे पडायला नागमोडी कापत असतात तेव्हा, हे फार सहज होते. पाय उजवीकडे असतात आणि विमान जास्तच कलले असे वाटून हात डावीकडे जातो. डावीकडची स्टिक नाकाला उजवीकडेच ढकलते, उजवा रडरही उजवीकडेच. दोघे मिळून विमानाला सपाट गिरकीत घालायचे सर्वांत जलद साधन तयार करतात. जास्त अँगल ऑफ अटॅकवर रोल थांबवायचा असेल तर रडर सोडा, गरज पडली तर उलटा रडर द्या. स्टिकने थांबवू नका.

हातात बसवण्यासाठी एक सराव

वाचून हे पटते, पण हात ऐकत नाही. इतर प्रत्येक विमानाने त्याला उलट शिकवलेले असते, आणि एफ/ए-१८ किंवा एफ-१६ वरून आलेल्यांचा हात तर जास्तच हट्टी असतो. त्या विमानांत संगणकच रडर घालतो आणि वैमानिकाला काही कळतही नाही.

एफ-१४बी (विमानाची बी प्रत) घ्या, पंखाखाली काही नको, इंधन निम्मे. २५,००० फूट, ३०० नॉट्स. कंट्रोलची चौकट उघडी ठेवा. थ्रॉटल मिलिटरीवर (आफ्टरबर्नरशिवायच्या पूर्ण शक्तीवर) ठेवून डावीकडे वळणात जा आणि हळूहळू ओढत १७-१८ युनिट्सवर आणा. वेग उतरेल, नाक थोडे खाली ठेवून तो सांभाळा. आता वळण बदलायचे म्हणून स्टिक अर्धी उजवीकडे टाका आणि घाई न करता बघत राहा. क्षितिजाच्या रेषेवर नाक डावीकडे घसरताना दिसेल. वळणदर्शकाखालची गोळी मधोमध न राहता एका कडेला धावेल. रोल सुरू होता होता अडखळेल. इथेच स्टिक मधोमध आणून पुढे सैल सोडा. विमान दोन क्षणांत शहाणे होते.

पुन्हा तीच स्थिती घ्या. या वेळी स्टिक जिथे आहे तिथेच, मागे ओढलेली पण बाजूला अजिबात नाही, आणि उजवा रडर अर्धा द्या. नाक आधी उजवीकडे फिरते, पंख त्याच्या मागोमाग येतो. रोल संथ वाटतो, पण कुठेही अडखळत नाही. डाव्या वळणातून उजव्या वळणात येताना रडर थोडा आधीच सोडावा लागतो, नाहीतर विमान हव्या त्या कलाच्या पुढे जाते. चौकटीत पाहत राहा: रडरची पट्टी हलली पाहिजे, स्टिकची खूण उभ्या रेषेवरच राहिली पाहिजे. हाताला हे पटेपर्यंत सराव करत राहा. सुरुवातीला हात आपोआप बाजूला जाणारच.

तिसरी रीत या दोन्हींहून सुरक्षित आहे आणि माझ्या मते नवख्याने ती आधी शिकावी. स्टिक पुढे सैल सोडून अँगल ऑफ अटॅक १० युनिट्सच्या खाली आणायचा, मग स्टिकने हवा तितका रोल करायचा, आणि पुन्हा ओढायचे. याला अनलोड करणे म्हणतात. क्षणभर वळण सुटते, पण रोल झटकन होतो आणि वेगही थोडा परत मिळतो. अटीतटीच्या संथ लढाईत मात्र ते क्षणभराचे सुटलेले वळण महागात पडते, तिथे रडरनेच रोल करावा लागतो. दोन्ही हाताशी असावेत.

पेडल्स नसतील तर झेड आणि एक्स या कळांवर रडर असतो. कळ धरून ठेवली की रडर टोकापर्यंत जातो, म्हणून छोटे छोटे ठोके द्या. जमते, पण बारकाईचे काम होत नाही. हे विमान मनापासून उडवायचे असेल तर पहिला खर्च पेडल्सवर करा, थ्रॉटलवर नंतर.

रोलचे सॅस बंद ठेवा

डाव्या कन्सोलवर पिच, रोल आणि यॉ असे सॅसचे, म्हणजे स्थिरीकरण यंत्रणेचे, तीन स्विच आहेत. विमान डगमगू नये म्हणून सॅस स्वतःहून छोटे छोटे कंट्रोल देत असते. रोलचे सॅसही शेपटीचे तेच दोन पृष्ठभाग उलटसुलट हलवते, म्हणजे जास्त अँगल ऑफ अटॅकवर तुम्ही हात मधोमध ठेवलात तरी ते विरुद्ध यॉ निर्माण करत राहते. म्हणून झटापटीत उतरण्याआधी रोलचे सॅस बंद करायचे. पिच आणि यॉ चालूच ठेवायचे, विशेषतः यॉ. या स्विचला जॉयस्टिकवरचे एखादे बटण नेमून ठेवा, कारण लढाईच्या तोंडावर कन्सोलकडे मान वळवून माउस शोधणे म्हणजे शत्रूला डोळ्यांआड करणे. लढाई संपली की परत चालू करा. ऑटोपायलटला ते लागते.

अमेरिकी नौदलालाही या दुखण्यावर तोडगा हवा होता. नासाने १९७९ ते १९८५ या काळात एका एफ-१४ वर जास्त अँगल ऑफ अटॅकच्या चाचण्या घेतल्या. स्टिक आणि रडर यांची आपोआप सांगड घालणारी यंत्रणा त्यांत तपासली गेली. ताफ्यातल्या विमानांना डिजिटल उड्डाण नियंत्रण मिळाले ते थेट १९९० च्या दशकाच्या अखेरीस. मॉड्यूलच्या ए आणि बी प्रती त्याआधीच्या काळातल्या आहेत, त्यामुळे ही सांगड तुम्हालाच घालावी लागते.

धडाम आवाज आला असेल तर

एफ-१४ए उडवणाऱ्यांची अर्धी कहाणी इंजिनाची असते. ए प्रतीतली टीएफ३० इंजिने मुळात या कामासाठी घडवलेली नव्हती. जास्त अँगल ऑफ अटॅक, तिरका वारा, किंवा अशा वेळी थ्रॉटलची धसमुसळी हालचाल, यांपैकी काहीही झाले की कॉम्प्रेसर स्टॉल होतो, म्हणजे इंजिनातला हवेचा प्रवाह कोलमडतो. आवाज येतो, फेरे उतरतात, तापमान चढत जाते. दोन्ही इंजिनांच्या मध्यरेषांत सुमारे पावणेतीन मीटरचे अंतर आहे. एक इंजिन गेले आणि दुसरे आफ्टरबर्नरवर (जादा इंधन जाळून मिळणाऱ्या शक्तीवर) पेटलेले असले की ते विमानाला चक्रासारखे फिरवते. म्हणजे विरुद्ध यॉ नसतानाही गिरकी लागू शकते, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्रच येतात: आधी विरुद्ध यॉ, त्याने वारा तिरका, त्याने इंजिन बंद, त्याने आणखी यॉ.

२५ ऑक्टोबर १९९४ रोजी यूएसएस अब्राहम लिंकन या जहाजावर उतरायला येताना लेफ्टनंट कारा हल्टग्रीन यांच्या एफ-१४ए चे डावे इंजिन असेच स्टॉल झाले. जहाजावरच्या धावपट्टीची मध्यरेषा ओलांडली गेल्यावर ती चूक सुधारताना विमान तिरके झाले आणि डाव्या इंजिनाला जाणारी हवा बिघडली. त्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला, मागच्या आसनावरचा अधिकारी वाचला. रडर हे या विमानातले औषध आहे आणि टीएफ३० इंजिनासमोर तोच रडर अपायही करू शकतो, हे ए प्रत उडवताना विसरू नये.

म्हणून ए प्रतीत जास्त अँगल ऑफ अटॅकवर थ्रॉटलला हात लावू नका. आफ्टरबर्नर हवा असेल तर वळणात शिरण्याआधी, वेग असताना लावा. मध्येच बदलायचाच असेल तर आधी अनलोड करा, मग दोन्ही थ्रॉटल एकत्र, सावकाश सरकवा. स्टॉल झालाच तर पहिले काम अँगल ऑफ अटॅक उतरवणे, दुसरे त्या इंजिनाचे थ्रॉटल मागे घेणे. दुसरे इंजिन आफ्टरबर्नरवर असेल तर तेही खाली आणा. शक्ती गमावल्याचे दुःख नंतर करता येते. तापमान उतरत नसेल तर इंजिन बंद करून हवेतच पुन्हा सुरू करावे लागते, आणि त्यासाठी नाक खाली घालून वेग वाढवावा लागतो.

बी प्रतीत एफ११० इंजिने आहेत. त्यांना थ्रॉटल कसेही हलवलेले चालते आणि ताकदही बरीच जास्त. शिकायला बी घ्या असे मी सुचवतो ते याचसाठी. तिथे विमान सुटले तर दोष कुठला हे स्पष्ट कळते, इंजिनाचा संशय मध्ये येत नाही.

गिरकी लागलीच तर

नाकाने पहिली अनाहूत हालचाल केली त्या क्षणी स्टिक मधोमध आणून पुढे करणे, हा सगळ्यात स्वस्त उपाय. पहिल्या सेकंदात केला तर बहुधा पुरतो.

पुरला नाही तर दोन्ही थ्रॉटल आयडलवर आणा, म्हणजे इंजिनांतला फरक मिटतो. वळणदर्शकाची सुई कोणत्या बाजूला टेकली आहे ते पाहा. गिरकीची दिशा ठरवायला खिडकीबाहेर पाहू नका, गरगरताना डोळे फसतात. सुईच्या विरुद्ध बाजूचा रडर पूर्ण द्या, स्टिक पुढे ठेवा आणि थांबा. थांबणे अवघड जाते, पण रडरला काम करायला वेळ लागतो.

तरीही फिरणे चालूच राहिले तर आता स्टिक सुईच्या दिशेने, म्हणजे गिरकी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, पूर्ण टाका. कोणाच्याही सहजबुद्धीला हे उलटे वाटेल. पण वरची साखळी आठवा. उजवीकडची स्टिक नाकाला डावीकडे ढकलते. उजव्या गिरकीत आपल्याला हवे तेच. ज्या विरुद्ध यॉने गिरकीत घातले तोच इथे बाहेर काढायला लागतो.

फिरणे थांबले की रडर लगेच मधोमध आणा, नाहीतर विमान उलट दिशेला फिरू लागेल. नाक खाली जाऊ द्या, वेग वाढू द्या, आणि बाहेर ओढताना १७ युनिट्सच्या पुढे जाऊ नका. बाहेर पडलेली बरीच विमाने इथे दुसऱ्यांदा सुटतात, कारण जमीन जवळ दिसते आणि हात घाईने ओढतो.

नाक क्षितिजावर सपाट, फिरण्याचा वेग वाढत चाललेला, आणि वर-खाली किंवा कलंडण्याची हालचाल जवळजवळ नाही, अशी खूण दिसली तर ती पूर्ण सपाट गिरकी आहे. खऱ्या विमानात अशा वेळी वैमानिक पुढे फेकला जातो, म्हणून तिथल्या आणीबाणीच्या यादीत सुरुवातीलाच खांद्याचे पट्टे आवळायला सांगितलेले असते. यातून परतण्याची आशा फार थोडी. जमिनीपासून १०,००० फुटांवर विमान ताब्यात नसेल तर बाहेर उडी घ्यायची, हा नियम सिममध्येही पाळावा. मागे बसलेला माणूस मल्टिप्लेअरमधला खरा मित्र असेल तर नक्कीच.

उतरताना हेच दुखणे, सौम्य रूपात

गिरकीची भीती गेल्यावर तक्रार येते ती जहाजाच्या मध्यरेषेची. विमान रेषेच्या डावीकडे आहे, स्टिक थोडी उजवीकडे दिली, नाक आधी किंचित डावीकडे गेले, वाटले अजून कमी पडले, म्हणून आणखी दिली, आणि मग विमान रेषेच्या पलीकडे. शेवटपर्यंत ही नागमोड चालू राहते.

उतरताना आपण १५ युनिट्सवरच असतो, म्हणजे सीमारेषेवर. प्रत्येक छोट्या रोलबरोबर त्याच दिशेचा थोडा रडर द्या, स्टिकच्या किंचित आधीच दिला तर उत्तम. नाक डगमगले नाही की रेषेचा अंदाज खरा ठरतो आणि दुरुस्त्या आपोआप लहान होतात. या वेळी रोलचे सॅस चालू असू द्या. थेट उत्थापन नियंत्रणाचे चाक उंचीसाठी आहे. अँगल ऑफ अटॅक जवळजवळ न हलवता ते विमानाला वर-खाली करते, म्हणून उंचीसाठी स्टिक ओढण्याचा मोह त्याने टळतो. ए प्रतीत जहाजाजवळ मोठा रडर टाळा, कारण वर लिहिलेच आहे.

जी प्रकरणे यात बसत नाहीत

कमी अँगल ऑफ अटॅकवरही विमान सतत एका बाजूला कलत असेल तर आधी पंखाखाली काय लटकले आहे ते पाहा. फिनिक्स क्षेपणास्त्र साडेचारशे किलोंच्या आसपास असते. पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लावलेल्यांपैकी एकच सोडले की दुसऱ्या बाजूचे वजन राहते आणि संथ लढाईत विमान आधी त्या बाजूला सुटते. पोटाखाली लावलेल्या क्षेपणास्त्रांचा असा त्रास जवळजवळ नाही. लढाईत उतरायचे नक्की असेल तर भार तिथे घ्या.

पंख मागे जातच नसतील आणि सूचनादिवा लागला असेल तर फ्लॅप (कमी वेगासाठी पंखाच्या मागच्या कडेला उतरवायच्या झडपा) पूर्ण वर आले आहेत का ते पाहा. फ्लॅप उतरलेले असताना पंख पुढेच अडकून राहतात. आणीबाणीचा पंखांचा दांडा त्याच्या जागेवरून हलला असेल तर तो परत बसवून, मोड ऑटोवर ठेवून, मास्टर रीसेट दाबा. बहुधा एवढ्यानेच काम होते. झटापटीत पंख नेहमी ऑटोवरच ठेवावेत. हाताने मागे-पुढे करण्यात दिसायला गंमत आहे, फायदा नाही.

फ्लॅप उतरवून २२५ नॉट्सच्या पुढे गेला असाल तर मात्र ते वाकलेले किंवा एका बाजूला अडकलेले असू शकतात. अशा विमानाला कायम उलट स्टिक देऊन धरावे लागते आणि रीसेटने ते सुधारत नाही. बाहेरच्या दृश्यातून दोन्ही पंखांच्या मागच्या कडा जुळवून पाहा. फरक दिसला तर लढाई सोडा, अँगल ऑफ अटॅक कमी ठेवा, आणि जहाजाऐवजी लांब धावपट्टी गाठा.